आठवं चित्र

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर एक लांबट खोली आहे. बाकी सगळ्या इमारतीत दर चार पावलांवर ‘हात लावू नये’ अशी पाटी. या खोलीच्या दारावर मात्र ‘हात लावा’ असं लिहिलेलं. मुलं आधी दारातच थबकतात. वरच्या मजल्यांवर ओरडा खाऊन आलेली असतात, एकदम विश्वास कसा बसणार? मग एखादं धीट पोर पहिल्या पिंपाला बोट लावतं, पिंप फिरतं, आणि त्यानंतर शिक्षकांचा आवाज शिक्षकांनाच ऐकू येत नाही.

पिंप म्हणजे वरून उघडा, काळा रंगवलेला गोल पुठ्ठ्याचा डबा, मधोमध लोखंडी आसावर बसवलेला. वरच्या अर्ध्या भागात उभ्या बारीक फटी. आतून खालच्या अर्ध्यात चित्रांची एक पट्टी. एकच मांजर बारा वेळा काढलेलं, दर वेळी उडीत जरासं पुढे गेलेलं. पिंप फिरवून फटीतून पाहिलं की समोरच्या बाजूचं मांजर स्टुलावरून उडी मारतं, परत मारतं, मारतच राहतं. वरून डोकावलं तर नुसता रंगांचा गिचका. फटीमुळे डोळ्याला एका वेळी एकच चित्र मिळतं, मधे अंधार, आणि मधलं जे काही राहिलं ते डोळा आपलं आपण भरून घेतो. संग्रहालयातल्या मॅडमनी हे सगळं तक्त्यावर लिहून भिंतीला लावलं आहे. तक्ता कुणी वाचत नाही.

ही पिंपं धाकटीनं केलेली.

तिला सगळे धाकटीच म्हणत. सासरी आली तेव्हा ती खरोखरच धाकटी होती, वयानं, उंचीनं आणि मानानंही. पुढे केस पांढरे झाले, लेक लग्न होऊन गेली, सासू-सासरे गेले, थोरले दीरही गेले, तरी नाव राहिलं ते राहिलंच. बँकेतला नवा कारकून एकदा मान वर न करता म्हणाला, “सहीला धाकट्या सूनबाईंनाच पाठवा.” ती समोरच उभी होती. “मीच धाकटी,” ती म्हणाली. “थोरलीला बघाल तर खुर्चीवरून उठाल.”

थोरली म्हणजे तिची जाऊ. उंच, हाडापेरानं मोठी, बोलायची कमी आणि बोलली तर तुकडा पाडणारी. धाकटीचं उलटं. तिची जीभ सकाळी दुधाच्या पातेल्याबरोबर उतू जायला लागायची ती रात्री दिवा मालवल्यावरच थांबायची. नवरा म्हणायचा, “या घरात एका बाईचं बोलणं दुसरीनं वाटून घेतलं असतं तर दोघींचं भागलं असतं.”

घराचा धंदा खोक्यांचा. वर राहायची जागा आणि खाली कारखाना. कारखाना म्हणजे काय, दोन लांब टेबलं, पुठ्ठा कापायचं एक जुनं यंत्र, आणि सरसाचा वास, जो कपड्यांतून कधीच जात नसे. टोप्यांची, बांगड्यांची, भेटवस्तूंची गोल खोकी करण्यात या घराचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौकोनी खोकं कुणीही करील. गोल करायचं तर पुठ्ठ्याला मोडू न देता वाकवावं लागतं. धाकटी लग्नाच्या पहिल्याच वर्षात ते शिकली. सासरे म्हणाले होते, “हिचे हात बरे आहेत, तोंडाचं बघून घेऊ.”

मॅडम तेव्हा नुकत्याच नोकरीला लागलेल्या. संग्रहालयात शाळांच्या मुलांसाठी काहीतरी करायचं त्यांच्या डोक्यात होतं. हातात एका जुन्या खेळण्याचं चित्र घेऊन त्या कारखान्यात आल्या आणि म्हणाल्या, “असं गोल खोकं हवं आहे, पण झाकण नको आणि बाजूला फटी हव्यात.”

“फटी? मग त्यात ठेवणार काय?” धाकटीनं विचारलं.

“मांजर.”

“मांजर ठेवायचं तर फटी मोठ्या लागतील.”

मॅडम हसल्या, आणि ती ओळख तिथून पुढे टिकली. पहिल्या पिंपाच्या फटी धाकटीनं बोटभर रुंद पाडल्या. फिरवलं तर आत सगळं धुरकट. दुसऱ्याच्या इतक्या बारीक पाडल्या की आत काळोख. तिसरं पिंप थरथरायला लागलं, कारण पुठ्ठ्याचा जोड एका बाजूला जड पडला होता. तिनं समोरच्या बाजूला आतून पत्र्याचा तुकडा चिकटवला, तेव्हा कुठे ते शांत फिरलं. फटींच्या कडा मुलांच्या बोटांनी फाटतात म्हणून मागून पातळ पत्र्याची पट्टी लावायची, हे तिला पहिल्याच शाळेनं शिकवलं. काळा रंग चकचकीत नको, नाहीतर फटीऐवजी दिव्याचा उजेडच डोळ्यात जातो, हे तिचं तिला कळलं. खिळ्याच्या जागी सायकलच्या चाकाचा आस बसवायची युक्ती नवऱ्याची. तो फारसा बोलत नसे, पण त्या आसावर त्याचा जीव होता. दोन जावांचं वाजलं की म्हणायचा, “मी आपला पिंपाचा आस. सगळं फिरतं, मी जागेवर.”

चित्रं मात्र धाकटीला जमेनात. तिनं काढलेलं मांजर पहिल्या चित्रात मांजर होतं, चौथ्यात उशी झालं आणि नवव्यात किटली. जाऊबाई तेव्हा भरतकामाचे नमुने काढून द्यायच्या, आसपासच्या बायका घेऊन जायच्या. त्यांनी मागे उभं राहून ती किटली पाहिली, धाकटीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि बसल्या. संध्याकाळपर्यंत मांजर उडी मारायला लागलं.

तेव्हापासून ठरून गेलं. फटी धाकटीच्या, चित्रं जाऊबाईंची. बादली ओतणारा माणूस, छत्री उघडणारी बाई, जिना चढणारं अस्वल, पुस्तक वाचताना डुलक्या घेणारे मास्तर. जाऊबाई सगळ्यांना जरा जाड काढायच्या, कारण फटीतून पाहिलं की माणूस अंगानं बारीक दिसतो. धाकटी म्हणायची, “जाऊबाई, मलाही एकदा पिंपात घालून फिरवा.” जाऊबाई म्हणायच्या, “फटी पुरणार नाहीत.”

गंमत अशी की जाऊबाई स्वतः पिंपात कधी पाहत नसत. बारा कागद बोटात धरून फरफर सोडायच्या, एकदा पुढून, एकदा मागून, आणि बाजूला ठेवायच्या. मागून अशासाठी, की मुलं पिंप कुठल्या बाजूनं फिरवतील याचा नेम नाही. उलट फिरलं तरी चित्राला अर्थ हवा. बादली ओतणारा उलट फिरवला की पाणी बादलीत गोळा करायचा. त्यावर मुलं जास्त हसायची. धाकटी मात्र दर सोमवारी, संग्रहालय बंद असताना, दुरुस्तीची पिशवी घेऊन जायची आणि काम झालं की प्रत्येक पिंप एकदा फिरवून पाहायचीच. फटीत अडकलेली पेन्सिल काढली, चघळून चिकटवलेला गोळा खरवडला, की बघायचं. इतक्या वर्षांतही त्या मांजरानं स्टुलावरून उडी मारली की तिच्या तोंडातून “हं” असा आवाज निघायचाच. मॅडम कधी कधी तक्रार करायच्या, “फार मोडतात हो मुलं.”

“मोडतात म्हणजे हात लावतात,” धाकटी म्हणायची. “पाटी तुम्हीच लावलीय.”

अशी वर्षं गेली. मग मॅडमनी एक मोठं काम आणलं. संग्रहालयापर्यंत येऊ न शकणाऱ्या शाळांना पेट्या पाठवायच्या. पेटीत एक छोटं घडीचं पिंप, एका बाजूला पिंजरा आणि दुसऱ्या बाजूला पक्षी काढलेली, दोऱ्यावर गरगर फिरवायची चकती, आणि छापलेल्या चित्रपट्ट्या. चारशे पेट्या. इतकं मोठं काम घराला यापूर्वी मिळालं नव्हतं. धाकटीनं तिथल्या तिथे होकार दिला, आणि घरी येऊन सांगितलं तेव्हा जाऊबाई एवढंच म्हणाल्या, “विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात का?”

जाऊबाई पेन्सिलीला टोक काढायला बसल्या.

मुख्य पट्टी दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलीची होती. झिपऱ्या केसांची, एक मोजा खाली घसरलेली मुलगी. सगळी चित्रं तयार झाली, आणि छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी धाकटी पट्टी टेबलावर पसरून पाहत होती. आठव्या चित्रापाशी तिची नजर अडली. मुलगी जमिनीवर उतरतानाचं चित्र होतं ते. डोकं खांद्यात घुसलेलं, गाल फुगलेले, पाय आखूड, जणू तिच्यावर कुणीतरी पेटीच ठेवली होती. एक डोळा वर, एक खाली. धाकटीला वाटलं, जाऊबाईंचा हात चुकला. आजकाल त्या थकतात, चष्म्याचा नंबरही बदलायचा आहे. संग्रहालयात पट्टी पिंपाच्या आत असते, कुणी एकेक चित्र बघत बसत नाही. पण इथं पट्टी मुलांच्या हातात सुटी जाणार. एखादा मास्तर म्हणायचा, हे काय ध्यान काढलंय? जाऊबाईंना बोलून दुखवण्यापेक्षा आपणच गुपचूप नीट करावं. काढता येत नसलं तरी गिरवता येत होतं. तिनं सातव्या चित्रावर पातळ कागद ठेवला, काचेवर धरून मुलगी जशीच्या तशी उतरवली, पाय जरा खाली घेतले, आणि तो तुकडा आठव्यावर चिकटवला. मुलगी छान दिसायला लागली. धाकटीला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पट्ट्या छापल्या गेल्या, पेट्या भरल्या गेल्या. मॅडमनी शिक्षकांना वापर समजावून सांगायला बोलावलं, आणि त्याच दुपारी त्यांचा फोन आला.

“ताई, मुलगी अडकते आहे.”

“कुणाची मुलगी?”

“दोरीवरची. वर जाते आणि लटकून राहते. मग एकदम खाली. उचकी लागल्यासारखी. शिक्षक हसायला लागलेत.”

धाकटी धावत खाली कारखान्यात गेली. पट्टी पिंपात घालून फिरवली. मॅडम म्हणाल्या तसंच होतं. प्रत्येक फेरीला मुलगी हवेत टांगली जायची, दोरीवर वाळत घातल्यासारखी, आणि मग खिळा उपटल्यासारखी खाली. इतर अकरा चित्रं एकीकडे आणि ते गोंडस आठवं एकीकडे.

जाऊबाई मागून आल्या. पट्टी हातात घेतली, लांब धरली.

“आठवं कुणी काढलं?”

“मी. म्हणजे गिरवलं. तिचा चेहरा दबला होता, म्हटलं—”

“दबणारच. उंचावरून पडतेय पोरगी. उतरताना तू काय गालात हसतेस?”

“पण सुटी पट्टी मुलांच्या हातात जाणार होती, जाऊबाई. कुणी ते एकच चित्र पाहिलं असतं तर—”

“एकच चित्र कुणी बघायचं नसतं. इतकी वर्षं फटी पाडल्यास, एवढं कळलं नाही?” जाऊबाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच जास्त लागत होतं. “माझ्या कामात हात घालायचा तर मला विचारायचं. काम घेताना विचारलं नाहीस, खोडताना विचारलं नाहीस. मग मी इथं आहे कशाला? मुलगा कधीचा बोलावतोय. जाते मी त्याच्याकडे.”

मुलगा म्हणजे जाऊबाईंचा एकुलता एक, दूर दुसऱ्या शहरात नोकरीला. त्याला वर्षाचं बाळ होतं, आणि सून पुन्हा कामावर जायला लागली होती. आई, ये, असं तो फोनवर दर वेळी म्हणायचा आणि जाऊबाई “बघू” म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी माळ्यावरची बॅग काढून झटकली.

पुढचे काही दिवस घरात सगळी बोलणी धाकटीच्या नवऱ्यामार्फत झाली.

“वहिनींना विचारा, सरस मागवायचा का.”

“वहिनी, सरस मागवायचा का?”

“ऐकू आलं मला. मागव म्हणावं.”

“मागव म्हणतात.”

“ऐकू आलं मला.”

तो वैतागून एकदा म्हणाला, “मला पगार तरी द्या.”

जाऊबाईंनी आठवं चित्र पुन्हा काढून टेबलावर ठेवलं. या वेळी मुलगी आधीपेक्षाही कुरूप होती. धाकटीनं पाहिलं आणि पिशवीत घातलं. एरवी पडत्या भांड्याशीसुद्धा भांडणारी बाई, पण आता भांडायला तोंड उरलं नव्हतं. चूक आपली, पुन्हा छापायचा भुर्दंड आपल्यामुळे, आणि जाऊबाई जाणार त्याही आपल्यामुळे. त्या गेल्या तर चित्रं कोण काढणार ही काळजी होतीच. पण ती दुसरी. पहिली काळजी ही, की सासरी पाऊल टाकल्यापासून या बाईशिवाय ती एक दिवस राहिली नव्हती. नवऱ्याला मावशीकडे, आत्याकडे, मालाच्या खरेदीला पाठवलं होतं. जाऊबाईंना कधीच कुठे नाही. त्या गेल्या तर घराची अर्धी बाजू पडल्यासारखं होईल, आणि हे त्यांना सांगायचं कसं? “राहा” हा शब्द दोघींनी एकमेकींना कधी म्हटलाच नव्हता. म्हणायची वेळच आली नव्हती.

नवीन चित्र घेऊन ती छापखान्यात गेली. छापखानेवाला ओळखीचा, गप्पिष्ट. त्यानं चित्र उजेडात धरलं आणि मान हलवली.

“हे तर वेगळंच आहे की. मग आधी ते दुसरं कशाला दिलं होतंत?”

“चुकलं माझं.”

“तेच म्हटलं. मोठ्या बाईंनी पण ते बराच वेळ पाहिलं होतं.”

“कधी?”

“अहो, छापायच्या आधी. चष्म्याच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या ना, जाताना डोकावल्या. म्हणाल्या, प्रूफ दाखव. कागद अगदी डोळ्याशी नेला. मग म्हणाल्या, आठवं बदललंय का कुणी? मी म्हटलं, तुमच्याकडून आलं तसं आहे. थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, थांबवू का? तर म्हणाल्या, छाप.”

धाकटी चित्र तिथंच ठेवून घरी आली. वाटेत तिनं कुणाच्या नमस्काराला नमस्कार केला नाही. राग आला होता, पण कशाचा ते सापडत नव्हतं.

जाऊबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. धाकटी समोर बसली आणि पहिल्यांदा मधे कुणी नसताना बोलली.

“छापखान्यात गेला होतात म्हणे.”

“कोण म्हणे?”

“छापखानेवाला.”

“फार बोलतो तो.”

“प्रूफ पाहिलंत.”

“पाहिलं.”

“आठवं दिसलं.”

“न दिसायला काय झालं? डोळे अजून जागेवर आहेत.”

“मग छाप का म्हणालात?”

जाऊबाईंनी दोन-तीन शेंगा सोलल्या. दाणे ताटलीत पडल्याचा आवाज ऐकू येत होता.

“मला जायचं होतं,” त्या म्हणाल्या.

“जायचं होतं तर जायचं. त्यासाठी चारशे पट्ट्या नासवायच्या?”

“तू जाऊ दिलं असतंस? नातू झाला तेव्हा निघाले, तर तू पडलीस आणि पाय मुरगळून घेतलास.”

“मुद्दाम पडले का मी?”

“मुद्दाम कशाला? पण पडलीस. या वर्षी जाते म्हणणार, तर तू हे काम घेऊन आलीस. तू थांबा म्हणत नाहीस कधी. काहीतरी करून ठेवतेस आणि मला थांबावं लागतं. ते चित्र पाहिलं आणि वाटलं, बरं झालं. आता रागानं निघता येईल. रागानं निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही.”

“आणि खापर माझ्या डोक्यावर.”

“चूक तुझीच होती.”

“होती. पण तुम्ही ती लोणच्यासारखी मुरत ठेवलीत.”

जाऊबाईंच्या ओठाची कड हलली. हसू होतं की काय कोण जाणे. मग त्या म्हणाल्या, “मला आता काहीही बारा वेळा काढायचं नाही. सकाळी टेबलावर कोरे कागद दिसले की जिन्यातूनच परत फिरावंसं वाटतं. नातवासमोर बसून एक मांजर काढीन. एकच. बसलेलं.”

धाकटीनं एक शेंग उचलली आणि सोलायची विसरली. जे काम तिला इतकं आवडायचं, ते या बाईला नकोसं झालेलं, आणि दोघी एकाच खोलीत असून तिला त्याचा पत्ता नव्हता.

“आवडत नव्हतं तर सांगायचं होतं.”

“आवडत होतं. मग आवडेनासं झालं. ते कुठल्या मंगळवारी झालं ते कसं सांगू?”

“मग गेला का नाहीत अजून? बॅग तर केव्हाची भरून ठेवलीय.”

“तू भांडली नाहीस.” आता जाऊबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. “मला वाटलं, तू चार शब्द सुनावशील, मी पाच सुनावीन, आणि त्या तिरमिरीत गाडीत बसेन. तर तू घरात असं मेल्या मांजरासारखं तोंड करून फिरतेस. जेवत नाहीस धड. अशा माणसाला टाकून कुणाला जाता येतं का?”

एवढं बोलून त्या शेंगांची सालं घेऊन उठल्या.

धाकटी तिथंच बसून राहिली. बोलायला बसली तेव्हा तिला आपण हरलोय असं वाटत होतं. आता कळलं, हुकमाचं पान तिच्याच हातात होतं. तोंड पाडून आणखी थोडे दिवस काढले, एखादं जेवण टाळलं, की बॅग पुन्हा माळ्यावर जाणार. काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिनं ते केलंही. त्या रात्री ती अर्धीच पोळी खाऊन उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई बॅगेतून रोजची साडी काढताना दिसल्या. धाकटीला सुटल्यासारखं वाटलं.

ते सुटल्यासारखं वाटणं तिला दुपारपर्यंतच पुरलं. दुपारी जाऊबाई खाली आल्या, टेबलाशी बसल्या, आणि पुढच्या पट्टीसाठी कागद कापायला लागल्या. एक कापला, बाजूला ठेवला. दुसरा. सगळे कापून झाले तशा त्या त्यांच्याकडे बघत बसल्या. पेन्सिल हातात होती, ती खाली टेकत नव्हती. धाकटी समोरच्या टेबलावर फटी पाडत होती. तिनं दोन-तीनदा मान वर करून पाहिलं. कागद तसेच कोरे.

तिनं पाती खाली ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली.

“स्टेशनवर जाताय ना माल सोडायला? वहिनींचं तिकीट काढून आणा. खिडकीजवळचं मिळालं तर बघा.”

तो आळीपाळीनं दोघींकडे बघायला लागला. “हे मी कुणाला सांगायचंय?”

“कुणालाच नाही. काढून आणा.”

जाऊबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “मी जाते म्हटलं का?”

“नाही म्हटलंत तरी जायचं. इथं बसून माझे कागद खराब करताय.”

“तुझे कागद?”

“माझेच. पुठ्ठा माझा, कागद माझा, सरस माझा. तुमची तेवढी मांजरं. घेऊन जा. आणि जाताना तो छत्रीवाला माणूसही घेऊन जा, तो मला कधी बघवला नाही.”

“ती बाई आहे.”

“मला माणूसच वाटला इतकी वर्षं.”

“डोळे तपासून घे.”

“तुम्ही आणलायत ना नवा चष्मा, तुम्हीच बघा.”

आणि मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. छत्रीवरून सासूबाईंच्या पातेल्यावर गेलं, पातेल्यावरून लेकीच्या लग्नातल्या रुसव्यावर, तिथून पार पहिल्या वर्षी कुणी कुणाचा साबण वापरला यावर. नवरा तिकीट काढून परत आला तरी चालूच होतं. त्यानं तिकीट टेबलावर ठेवलं आणि आल्या पावली बाहेर गेला.

जाऊबाई ठरल्या दिवशी गेल्या. धाकटी स्टेशनवर गेली नाही. तो सोमवार होता, आणि पेट्यांतल्या पट्ट्या बदलायला मॅडमनी संग्रहालयात बोलावलं होतं. दारातून निघताना जाऊबाई म्हणाल्या, “येते.” धाकटी म्हणाली, “पोचल्यावर कळवा.” यापेक्षा जास्त बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मॅडमनी दुपारी काम करता करता विचारलं, “आता चित्रांचं काय?”

“तुमच्याकडे एखादी चित्रकलेची बाई असेल तर बघा. मला जमत नाही. फटी पाडून देईन.”

“मोठ्या ताई तिकडून पाठवणार नाहीत का?”

“विचारू नका त्यांना,” धाकटी म्हणाली. “विचारलं तर पाठवतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली. कारखान्याला एकच मोठी खिडकी होती, आणि तिच्याखाली जाऊबाईंचं टेबल. धाकटी इतकी वर्षं भिंतीकडच्या दिव्यात काम करत आली होती. तिनं पाती, पट्टी, पत्र्याचे तुकडे एकेक करून खिडकीखाली नेले. खुर्ची उंच होती, जाऊबाईंच्या मापाची. तिनं खाली पाय टेकायला एक खोकं घेतलं.

नवरा चहा घेऊन आला. “जागा बदललीस?”

“उजेड आहे इथं.”

“होताच की आधीही.”

“माणूस होतं ना मधे,” ती म्हणाली. कप बाजूला ठेवून तिनं पुठ्ठा पुढे ओढला आणि पहिल्या फटीची खूण केली.